मुकी झालेली शिट्टी

पितळी शिट्टीच्या फटीवर काजळी होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. खालच्या कडेवर मऊ, जाड थर आणि वरची कड जवळजवळ कोरी. गाडीचा धूर जोरात बाहेर पडला तर दोन्ही कडा घासून जातो. इथे तो नुसता रेंगाळला होता.

भाचीने शिट्टी उजेडात धरून पाहिली आणि फडक्याने पुसायला घेतली.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल का?" गॅरेजमधल्या एकुलत्या एका स्टुलावर आत्या ठाण मांडून बसली होती. "मोठ्या हौसेनं बसवून दिलीस. माझ्याहून म्हातारी गाडी, आणि धुराच्या नळीत शिट्टी. सगळी गल्ली हसायची. आता बरेच दिवस मुकी आहे. माल हलका वापरलास."

"तुझ्या गाडीला हलका माल? माझी काय बिशाद."

याच गाडीवर आत्याने तिला चालवायला शिकवलं होतं, गिअर चुकला की मांडीवर चापट मारत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्याला गाडी बंद करा म्हणून सांगितलं, त्याला वर्ष होत आलं. आत्या "बघू" म्हणायची आणि विषय बदलायची. मधूनमधून मडगार्डला नवा पोचा दिसे. भाची तो ठोकून सरळ करी, वर रंगाचा हात मारी, आणि दोघीही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

शिट्टी नळीत बसवून तिने स्क्रू आवळला. "चल, एक फेरी मारू. मी चालवते, तू ऐक."

चढावर तिने इंजिनाला जोर दिला. आधी नुसता श्वास, मग फुसफुस, आणि मग लांबलचक, स्वच्छ शीळ. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून बाहेर पाहिलं. आत्या पोट धरून हसली. चढ संपेपर्यंत तिचं हसू ओसरलं.

"मग माझ्या हातात का गप्प बसते ही?"

कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, हे उत्तर भाचीच्या ओठांवर आलं होतं. आत्याला ते पटलंही असतं. तिने गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"शिट्टीत काही बिघाड नाही, आत्या. तिला वाजायला धुराचा जोर लागतो. तू हल्ली तेवढी पळवत नाहीस."

आत्याने डोळे बारीक करून समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं.

"समोरचा माणूस अगदी जवळ आल्यावर दिसतो," ती म्हणाली. "मग ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असणारच. पोचे कोण काढतं?" तिने भाचीच्या मांडीवर हलकेच चापट मारली. "चावी तुझ्याकडेच ठेव. मी आता चालवणार नाही. मला फिरवायला मात्र न्यायचं, आणि शिट्टी वाजेल अशीच चालवायची."