बिनशिशाचं पितळ

सारजानं अंगणवाडीच्या टाकीखाली हात घातला आणि व्हॉल्व्हवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. जिथं उठावाची दोन अक्षरं बोटाला लागायला हवी होती, तिथं पितळ गुळगुळीत होतं.

बारामतीच्या एका कारखान्यात ती सहा वर्षं बॉल व्हॉल्व्ह तपासायचं काम करत होती. पिण्याच्या पाण्यासाठी बिनशिशाच्या पितळेचे वेगळे निघत. त्यांच्यावर 'एलएफ', म्हणजे 'लेड-फ्री', अशी अक्षरं असत. पोरांच्या टाकीला तसलाच बसवा, म्हणून ग्रामसभेत ती उभी राहून भांडली होती.

"नळ बंद करा," ती अंगणवाडीच्या भामाबाईंना म्हणाली.

"अगं, पोरं जेवाय बसलीत."

"माझ्या घरनं घागर आणते. ह्ये पाणी न्हाय द्यायचं."

घागर पोचवून तिनं ठेकेदार ऋषिराजला फोन लावला. तो गाडीवरून उतरायच्या आत ती त्याच्या अंगावर गेली.

"पोरांच्या पाण्यात खोट करताय? शिसं पाजताय त्यास्नी? लाज हाय का न्हाय?"

"वहिनी, जरा ऐका." त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत व्हॉल्व्ह होता, त्यावर अक्षरं स्वच्छ दिसत होती. व्हॉल्व्ह धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. "माल मी बरोबर दिला. बसवला तुमच्या सासऱ्यांनी. त्यास्नीच इचारा."

सारजानं फोटोतला अंगठा पुन्हा एकदा पाहिला आणि तडक घरची वाट धरली.

घरी सासरा गेणबा अर्ध्या अंगठ्यानं तंबाखू मळत पडवीत बसला होता. वस्तीवरचे निम्मे नळ त्याच्याच हातचे. त्याच्याशी न बोलता ती मोरीत गेली, खाली बसली आणि नळाच्या पाईपवरून हात फिरवला. अक्षरं बोटाला लागली.

"मामा, ह्यो हितं कसा?"

गेणबानं नाकारलं नाही. "तूच म्हनली व्हतीस. जेवताना. शिसं लेकरांच्या डोक्यात जातं म्हून. आपली स्वराली सव्वा वर्साची. आन् चांगला वॉल एकच व्हता."

"तितं वीस पोरं हायती."

"ती काय माझी हायती?"

सारजानं हातातला तांब्या भिंतीवर फेकला. आत पाळण्यात स्वराली दचकून रडू लागली. सारजा तिच्याकडं गेली नाही. तिनं अंगणातला मुख्य नळ बंद केला, सासऱ्याच्याच पिशवीतला पाना काढला आणि मोरीतला व्हॉल्व्ह पिळायला घेतला. जोड घट्ट होता. दोनदा पाना निसटला, बोटाचं सालटं निघालं. गेणबा दारात उभा राहून बघत होता.

"नात काय पिनार मग?"

"अंगणवाडीतलं पिईल. मी आणीन कडेवर घागर घिऊन."

व्हॉल्व्ह सुटला. उरलेलं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"डोक्यावर टोपी घाला आन् चला," ती म्हणाली. "भामाबाईंना तुमीच सांगायचं. बसवायचाबी तुमीच."

"चार मान्सांत माझी अब्रू घालवतीस व्हय?"

"घालवली तुमीच. मी नुसतं बोट लावून बघितलं."

तिनं रडती लेक काखेत मारली, व्हॉल्व्ह मुठीत धरला आणि उसाच्या कडेच्या वाटेला लागली. बरंच अंतर गेल्यावर मागं वहाणा वाजल्या, आणि पिशवीतली हत्यारं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं नाही. चालही कमी केली नाही.