छातीतला काळा फुगा

आमच्या घरात सगळेच डॉक्टर, पदवी तेवढी कोणाकडे नाही. सहाव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाच्या छातीत डावीकडे काळा फुगा दिसला, हृदय उजवीकडे सरकलेलं दिसलं आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे निदान केलं, "गॅस असेल. तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी व्हायचा." हा नवरा म्हणजे त्यांचाच मुलगा, पण आजाराचा विषय निघाला की तो माझा होतो.

खऱ्या डॉक्टरीणबाईंना दोन शंका होत्या. फुफ्फुसातली गाठ, नाहीतर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला छिद्र आणि त्यातून वर चढलेलं पोटातलं सामान. त्यात यकृतही वर गेलं असेल, तर फुफ्फुसांना वाढायला जागाच नाही. मग जन्मल्यावर बाळ श्वास कशाने घेणार? ते एमआरआयमध्ये कळेल, म्हणाल्या. त्यानंतर आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

तपासणीआधी चार तास काही खायचं नाही, असं कागदावर ठळक छापलं होतं. आईचं पोट रिकामं असलं की बाळ जरा शांत पडतं, फोटो हलत नाहीत. सासूबाईंनी कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर मला चार चमचे मध चाटवला. "मध म्हणजे काही खाणं नव्हे," असा वर निर्वाळा. मीही निमूट चाटला. त्यांच्याशी वाद घालायला चार तास पुरत नाहीत.

"काही खाल्लंत?" मशीनवाल्याने विचारलं.

"छे!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. एवढं एकमत आमचं माझ्या लग्नापासून झालं नव्हतं.

नळकांड्यात मी कुशीवर, कानात बोळे, आणि भोवती कोणीतरी पत्रा ठोकतंय असा आवाज. स्पीकरमधून हुकूम आला, "श्वास रोखा." मी रोखला. बाळाने कोलांट्या सुरू केल्या.

अर्ध्या तासाने मशीनवाला आत आला. "ताई, एक फोटो धड नाही. आत कवायत चाललीय. खरं सांगा, काय खाल्लंत?"

मी मध कबूल केला.

"मग बसा आता दोन तास. आणि आजींना लांब बसवा."

सासूबाई हलल्या नाहीत. चष्मा लावून तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. नवरा मोबाईलवर छिद्राची माहिती शोधत होता आणि दर पाच मिनिटांनी आणखी पांढरा पडत होता. मला सासूबाईंचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या खेपेला बाळ झोपलं. फोटो निघाले.

डॉक्टरीणबाईंनी संगणकावर बोट ठेवलं. "छिद्रच आहे. आतडी वर गेलीत. यकृत मात्र खाली, जागेवर आहे. जन्मल्याबरोबर श्वासाची नळी लागेल, मग ऑपरेशन. बाळंतपण इथेच करायचं, सर्जन हजर असताना."

बाळाची आतडी छातीत आहेत, ही आमची आनंदाची बातमी. नवऱ्याने तर थँक्यू म्हटलं.

"आणि फुफ्फुस?" मी विचारलं. "पुरेल?"

"पुरेल असं वाटतं."

एरवी असं गुळमुळीत उत्तर देणाऱ्याला मी फाडून खाल्लं असतं. "परत सांगा," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरून ढसाढसा रडले. त्यांनी तीनदा सांगितलं.