चोवीस घरांचा तक्ता

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट कानापर्यंत येईल, आत उतरणार नाही. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, पेटीवाले चहाला गेलेत, तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. गोष्ट आकड्यांची आहे, पण आकड्यांना भिऊ नका. ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला सगळी कळेल. भिण्यासारखं जे आहे ते पुढे आहे.

रायापूरच्या बाजूला आमची कॉलनी. तिथली उत्तरा धारवाडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय संख्याशास्त्र. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. घरात आई रुक्मिणीबाई, थोरला भाऊ महेश, आणि वहिनी दीपश्री. दीपश्री कलघटगीची, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. तिला तेव्हा नुकताच सहावा महिना सरत आला होता.

कॉलनीत नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचं. निम्मी घरं त्याच पाण्यावर टाक्या भरून भागवायची. निम्म्यांनी मात्र विठोबाच्या देवळामागच्या बोअरवर भिस्त ठेवलेली. ती बोअर लागली तेव्हा पहिलं पाणी देवाला घातलं होतं, त्यामुळे सगळे तिला देवाची बोअर म्हणायचे. रुक्मिणीबाई सकाळी आंघोळ करून, देवाला पाणी घालून, येताना सुनेसाठी तिथलाच तांब्या भरून आणायच्या. ते उकळायचं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. तीर्थ कुणी उकळतं का?

त्या वर्षी दिवाळीपासून कॉलनीत कावीळ फिरत होती. एका घरी आली, बरी झाली, दुसऱ्या घरी गेली. लोक झाडपाल्याचं औषध आणायचे, आठ दिवस ताक-भात खायचे, परत कामाला लागायचे. कावीळ येते, जाते, असंच सगळे म्हणत.

उत्तराच्या कॉलेजातल्या सुलभा मॅडमनी परीक्षेच्या तयारीला एक काम दिलं होतं. "काय-स्क्वेअर टेस्टचा प्रश्न दर वर्षी येतो. पुस्तकातली उदाहरणं घोकू नका. आपापल्या गल्लीत जा, चोवीस घरं विचारा, आपला तक्ता आपण करा." उत्तरानं कावीळ आणि पाणी घेतलं. दोन दिवस वही घेऊन दारोदार हिंडली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत तक्ता मांडून बसली. दीपश्री शेजारी शेंगा सोलत होती.

"आधी काय करायचं," उत्तरा म्हणाली, "या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं धरून चालायचं."

"म्हणजे बोअरचा काही दोष नाही हे आधीच ठरवून टाकायचं?"

"ठरवायचं नाही वहिनी, धरून चालायचं. कोर्टात कसं, शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष."

"आणि साक्षीदार किती, चोवीस?"

"चोवीस."

"आमच्या कलघटगीत एवढ्या साक्षीवर बैलचोरसुद्धा सुटायचा," दीपश्री म्हणाली आणि शेंगेचं टरफल तिच्या वहीवर टाकलं.

उत्तरानं टरफल उडवलं. बोअरचं पाणी पिणारी बारा घरं. त्यांत पाच घरी कावीळ येऊन गेली, सात घरी नाही. त्या सातांत एक घर त्यांचं स्वतःचं. नळाच्या पाण्याची बारा घरं. त्यांत एका घरी कावीळ, अकरा घरी नाही. पाण्याचा काही संबंध नसता तर कावीळ झालेली ही सहा घरं दोन्हीकडे सारखी वाटली गेली असती, तीन इकडे, तीन तिकडे. प्रत्यक्षात आलेले पाच, अपेक्षित तीन. फरक दोन, दोनाचा वर्ग चार, भागिले तीन. असे चारही रकाने करून बेरीज घेतली. आली ३.५६. पुस्तकामागच्या कोष्टकात मर्यादा दिली होती ३.८४. तिच्या पुढे गेलं तर संबंध आहे म्हणायचं.

"गेलं का पुढे?"

"नाही. आतच राहिलं."

"पण पाच आणि एक, हे डोळ्याला दिसतंय की गं."

"डोळ्याला दिसतं त्यावर विसंबायचं नाही, म्हणून तर ही टेस्ट," उत्तरा म्हणाली आणि झरझर खाली लिहिलं: निष्कर्ष, बोअरचं पाणी आणि कावीळ यांचा संबंध नाही.

दीपश्रीनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "मग मी पिऊ ना ते पाणी? हे म्हणत होते, विकतचे कॅन लावू. आईंना वाईट वाटेल म्हणून मीच थांबवलं. खरं सांगू का, मला थोडी शंका होती. तू शिकलेली आहेस, तू म्हणशील ते."

"पी बिनधास्त," उत्तरा म्हणाली.

एवढंच बोलली ती. दोन शब्द असतात आणि माणूस ते बोलून पुढची ओळ लिहायला लागतो.

रुक्मिणीबाईंच्या पोटात हे राहणार थोडंच. त्यांनी प्रभंजनबुवांना सांगितलं. बुवा हायस्कुलातून निवृत्त झालेले, दर एकादशीला आमच्या देवळात कीर्तनाला उभे राहायचे, गळा असा की ऐकणाऱ्यानं घड्याळ विसरावं. त्या एकादशीला त्यांनी निरूपणाला संशय घेतला. संशयानं माणूस जवळ आलेल्या देवालाही कसा पारखा होतो ते सांगता सांगता एकदम थांबले आणि बायकांच्या बाजूला हात करून म्हणाले, "काही मंडळी देवाच्या पाण्यावर संशय धरून होती. आपल्या उत्तरानं हिशेब मांडून दाखवलाय. दोष पाण्यात नाही, दोष मनात." मग तेच त्यांनी चालीवर घेतलं, झांजा सुरू झाल्या, सगळं देऊळ ते वाक्य म्हणायला लागलं. दीपश्री टाळ्या वाजवत होती आणि वाकून वाकून नणंदेकडे बघत होती. उत्तराचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी, ज्या चार-पाच घरांनी पाणी उकळायला सुरुवात केली होती, त्यांनी ते बंद केलं. कीर्तनात ऐकलेलं माणूस पुस्तकातल्यापेक्षा जास्त धरून ठेवतो, हे मी कशाला सांगू, आपण सगळे इथे त्याचसाठी येतो.

तीन आठवड्यांनी मॅडमनी वह्या परत दिल्या. उत्तराच्या निष्कर्षावर लाल रेघ होती. अर्धा मार्क कापलेला.

"मॅडम, उत्तर तर बरोबर आलंय."

"उत्तर बरोबर आहे, वाक्य चुकलंय. साक्षीदार कमी पडले म्हणून आरोपी सुटला, म्हणजे त्यानं केलंच नाही असं होतं का?"

"नाही."

"मग तसं लिहायचं नाही. संबंध आहे म्हणायला पुरावा अपुरा आहे. एवढंच. कानडीत म्हणतात ना, अष्टे. आणि हे बघ, तुझे अपेक्षित आकडे तीनवर आलेत. पाचाच्या खाली गेले की या टेस्टवर भार टाकू नये. आणखी घरं घे." मॅडमनी वही मिटता मिटता पुन्हा उघडली. "हे आकडे खरे आहेत की मनाचे?"

"खरे आहेत. आमच्या कॉलनीतले."

मॅडम तक्त्याकडे बघत राहिल्या. "पाच आणि एक. उत्तरा, ते पाणी कुणी पीत असेल तर उकळून प्यायला सांग बाई. टेस्ट काही म्हणो."

"हो मॅडम," उत्तरा म्हणाली.

बसमध्ये तिनं ते नवं वाक्य चार वेळा म्हणून पाठ केलं. घरी जाऊन सांगायचं हेही ठरवलं. पण कॉलनीच्या तोंडाशीच प्रभंजनबुवा भेटले, "या प्राध्यापकबाई" म्हणाले आणि देवळातला साखरफुटाण्यांचा प्रसाद तिच्या हातावर ठेवला. घरात रुक्मिणीबाई शेजारणीला सांगत होत्या, आमच्या पोरीचं नाव कीर्तनात आलं. आता यांच्यापुढे काय बोलायचं? बुवांनी गाऊन सांगितलेलं, ते मी चुकलं म्हणून सांगू? परीक्षा तोंडावर आली होती. उद्या बघू, असं म्हणून ती बसली. वहीतलं वाक्य तिनं त्याच संध्याकाळी नीट खोडून दुरुस्त केलं. घरातलं तसंच राहिलं. स्वयंपाकघरात ओट्यावर तांब्या झाकून ठेवलेला असायचा आणि दीपश्री येता-जाता त्यातलं पाणी प्यायची.

आणखी दोन आठवडे गेले. परीक्षेला तीन दिवस उरले असताना शेजारच्या लीलाकाकूंना कावीळ झाल्याचं कळलं. लीलाकाकूंचं घर बोअरच्या पाण्याचं. किंवा खरं म्हणजे, उकळून पिणाऱ्यांतलं. त्या एकादशीनंतर त्यांनी गॅस बंद केला होता.

उत्तरानं खोलीचं दार लोटलं आणि वही काढली. पाचाचे सहा केले, साताचे सहा. बाकी सगळं तेच. पुन्हा चार रकाने, पुन्हा बेरीज. ५.०४.

एका घरानं ३.८४ची रेघ ओलांडली. चोवीस घरांतल्या एका. काल या वेळेपर्यंत पाणी निर्दोष होतं आणि आज नव्हतं; आणि पाणी तर तेच होतं. उत्तरा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांब्या मोरीत उपडा केला.

"अगं, देवाचं पाणी मोरीत काय ओततेस?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"आई, ते पाणी वहिनीला द्यायचं नाही. कुणीच प्यायचं नाही. मी चुकीचं सांगितलं होतं."

"तूच तर हिशेब केलास."

"हिशेब बरोबर होता. मी सांगितलं ते चुकीचं."

आवाज ऐकून दीपश्री आतून आली. भिंतीला हात टेकत आली. "काय गं, काय झालं? हळू बोला जरा, मला मळमळतंय. दोन दिवस झाले, भाताचा वाससुद्धा नको वाटतो. म्हटलं, पुन्हा डोहाळे सुरू झाले की काय आठव्यात."

उत्तरानं तिची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लागलेल्या धोतरासारखा दिसत होता.

"काय बघतेस एवढं?" दीपश्री हसून म्हणाली. "सुंदर दिसतेय का?"

हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी दाखल केलं. डॉक्टर महेशला बाजूला घेऊन बोलले. इतरांना ही कावीळ येते आणि जाते, पण दिवस भरत आलेल्या बाईला झाली तर तिचं काही सांगता येत नाही. महेशनं विचारलं, हे अंगात शिरलं कधी? डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे ते दोन महिने, केव्हाही. उत्तरा मागे उभी होती. ती पडवीतली दुपार पाच आठवड्यांपूर्वीची. आधी शिरलं असेल की नंतर? चोवीस घरांना टेस्ट लावता येते. एका माणसाला लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रभंजनबुवांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. लाल रेघ, मॅडमचं बोलणं, गप्प बसलेले दोन आठवडे. बुवा म्हणाले, "तू एकदा बोललीस. मी ते चालीवर बसवून शंभर जणांच्या तोंडी दिलं." मग चपला घातल्या, देवळामागे जाऊन मोटरचा फ्यूज काढून खिशात घातला, आणि एकेका घराच्या पायरीवर उभे राहून स्वतः सांगत गेले, पाणी पिऊ नका, माझं चुकलं. सत्तरीचा माणूस, उन्हात.

परीक्षेच्या दिवशी उत्तरा जाणार नव्हती. महेश म्हणाला, "जा. रात्री शुद्धीवर होती तेव्हा तिनं दोनच गोष्टी विचारल्या. बाळ हलतंय का, आणि उत्तराचा पेपर कधी आहे."

चौथा प्रश्न काय-स्क्वेअरचा होता. दोन गावं, एक लस, चार रकाने. तिनं बेरीज केली, कोष्टकातला आकडा लिहिला. मर्यादेच्या आत आलं होतं. शेवटी लिहिलं: संबंध आहे असं म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. एवढ्यावर मार्क मिळाले असते. तिनं त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, यावरून संबंध नाही असे कोणी समजू नये, आणि तिच्याखाली पट्टी ठेवून दोनदा रेघ मारली. कागद फाटेपर्यंत.

बसनं ती हुबळीला पोचली तेव्हा महेश दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. हातात रुमाल होता आणि रुमालात दीपश्रीची जोडवी. बाळ तिच्याबरोबरच गेलं.

नंतर लोकांनी शोधून काढलं, बोअरपासून दहा पावलांवर गटाराचं चेंबर फुटलेलं होतं. बोअर बुजवली. उत्तराला त्या विषयात पैकीच्या पैकी मार्क पडले. कॉलनीत तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. ती अजून एकादशीला येते, पण आत येत नाही. दाराशी, चपलांच्या रांगेजवळ बसते, आणि बुवा गायला लागले की मान खाली घालते. बुवाही त्या वेळी त्या बाजूला बघत नाहीत.

दीपश्रीसाठी इथे सगळेच हात जोडतात, तुम्हीही जोडालच. पण माझं एक मागणं आहे. आरती झाली आणि डोळे मिटलेत की मनात एक नाव उत्तराचंही घ्या. ते घेणारं कुणी उरलेलं नाही.