पहिल्या बाराची गार

देव अक्कल वाटत होता तेव्हा महादू नक्कीच सोंगं बघायला गेला असणार, असं प्रयागबाईचं ठाम मत होतं. उभा जन्म मुंबईत गिरणीच्या दारावर वॉचमन म्हणून काढला, गिरणी बंद पडली तशी ट्रंक उचलून गावी आला, आणि आल्या दिवसापासून वाडीला शहाणपण शिकवायला लागला. बंदुकीचा विषय निघाला की मग विचारायलाच नको. गिरणीत हातात नुसता दंडुका असायचा, पण गप्पा अशा की जसा काही तोफखानाच सांभाळून आलाय.

आणि नेमकी बंदूकच त्याच्या हातात गेली, हे तिचं दुखणं होतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्यांची वाडी. शिमग्याला काळकाईची पालखी देवळाचा उंबरठा ओलांडते ती पहिला बार झाल्यावरच, आणि तो बार काढायचा मान त्यांच्या घराण्याचा. बंदूक जुनी, चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या रंजकात, म्हणजे नळीच्या कानाशी घातलेल्या बारीक दारूत पडतात आणि नळीतली दारू पेटते. प्रयागबाईचा नवरा गोमाजी होता तोवर तोच बार काढी. तो गेला तेव्हा मुलगा सुनील मुंबईत कुरिअरच्या पिशव्या वाहत होता. गावकीने ठरवलं, गावात राहील त्याने बंदूक धरावी. गावात राहिला हा दीर. मान माझ्या पोराचा आणि धरून बसलाय हा भोपळा! ते काही तिच्या घशाखाली उतरलं नाही.

शिमगा तोंडावर आला तसा महादू म्हणाला, "वयनी, म्हाडला चाललोय. जुनी गार फुटली, नवी आणायची हाय."

"चला, मलाबी गूळ-खोबरं आणायचंय," ती म्हणाली. घरात गूळही होता आणि खोबरंही. तिला फजिती बघायची होती.

महाडच्या बाजारपेठेत देवव्रतशेठचं लोखंडी सामानाचं दुकान. विळे, कुदळी, खिळे, आणि मागच्या फळीवर त्याच्या आजोबांच्या वेळचा गारांचा डबा. शेठने डबा गल्ल्यासमोर पालथा केला. महादूने पहिली उचलली ती सगळ्यांत दांडगी.

"ही घ्या! कसली सॉलिड हाय."

"अहो, ती घोड्याच्या जबड्यात बसायची नाही," शेठ म्हणाला. "पाटा-वरवंटा करायचा असेल तर न्या."

मग महादूने दुसरी घेतली, पांढऱ्या रेघांची. का, तर डिझाइन आहे. प्रयागबाईने पदर तोंडाला लावला. गोमाजीला जवळचं धड दिसत नसे, त्यामुळे गारा इतकी वर्षं तीच निवडायची. पाठ-पोट सपाट पाहिजे, म्हणजे जबडा घट्ट धरतो. धार सरळ आणि पट्टीच्या रुंदीची पाहिजे. पांढरा डाग असला की गार तिथेच तुटते. आणि थुंकी लावून उजेडात धरली की केसाएवढी चीरही लपत नाही. यातलं एक अक्षर महादूला ठाऊक नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नाही. ज्याला विचारायला कमीपणा वाटतो त्याला शिकवायचं तरी कशाला?

पण नशीब तरी कुणाला साथ देईल सांगता येत नाही. ढिगाच्या तळातून महादूने मधाच्या रंगाची एक गार काढली. "हिचा कलर झकास हाय," तो म्हणाला आणि तीच घेतली. प्रयागबाईने लांबूनच पाहिली आणि तिचा जीव जळला. गार निर्दोष होती. गोमाजीसाठीही इतकी चांगली तिला कधी मिळाली नव्हती. आंधळ्याने दगड भिरकवावा आणि पाडाचा आंबा पडावा, तसं झालं.

तरी मूर्खाच्या हाती चांगली वस्तू पडली म्हणून तो शहाणा होत नाही. महादूने स्टँडवरच कंडक्टरला विळ्यावर ठिणग्या पाडून दाखवल्या. घरी येऊन चामड्यात गुंडाळून गार घोड्यात बसवली आणि ओटीवर दुकान मांडलं. येईल त्याच्यासमोर चाप ओढायचा. खट! "बघितलंस? म्हाडात असली दुसरी नाय." पोरं आली, त्यांच्यासाठी खट. वरंधचे पाहुणे आले, त्यांच्यासाठी खट. एकदा तर त्याने असल्या ठिणग्यांवर कापूस धरून विडी पेटवली आणि आसपास असं पाहिलं की सत्काराचा नारळ कुणी आणलाय का.

समोरच्या ओटीवरून प्रयागबाई बघत होती. गार चाप ओढण्यागणिक झिजते, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. आधी ठिणग्यांचा झुबका पडायचा, मग चिमूटभर, मग दोन-चार लालसर, जमिनीवर पडण्याआधीच विझणाऱ्या. धार मेली होती. लोखंडी किल्लीने कड हलकेच टिचकवली असती तर नवी धार निघाली असती. तिला ते काम डाव्या हातचं होतं. ती बोलली, पण भलतंच.

"भावजी, चंपाबाईचं पोर आलंय. त्याला नाय दाखवलीत?"

"दाखवतो की! ये रे!" खट.

तिचा हिशोब सरळ होता. देवीसमोर तीनदा चाप ओढून बार निघाला नाही की मान जातो. महादूची चारचौघांत शोभा होईल, आणि गावकी बंदूक झक मारत सुनीलच्या हातात देईल. या विचाराने तिला रात्री गाढ झोप लागे.

सुनील शिमग्याला आला. आल्या आल्या विचारलं, "आये, काकानं आणलेली गार बघितलीस? बरी हाय ना?"

"तुझा काका एवढा पारखी. मी अडाणी काय बघनार?"

त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं.

पालखीच्या सकाळी महादू वॉचमनचा जुना खाकी शर्ट घालून देवळासमोर आला. प्रयागबाईला हसू आवरेना. त्याने नळीत दारू ठासली, रंजक भरलं, आणि गावकर भागोजीकडे वळून म्हणाला, "गावकर, यंदा बार सुनील काढंल. दादाचा मान त्याच्या पोराचा. मी राखण केली, बास झालं." आणि बंदूक सुनीलच्या हातात दिली.

सुनीलने आईकडे बघून हसून बंदूक देवीसमोर उचलली. काका बंदूक आपल्याला देणार हे त्याला आधीपासून माहीत होतं.

"थांबा!" प्रयागबाई ओरडली. "गार बघू दे मला!"

"प्रयागे, येडी झालीस काय?" भागोजी म्हणाला. "देवीसमोर उचललेल्या बंदुकीला बार होईतोवर दुसरा हात लागत नाय. हे तुला आमी सांगायचं?"

खट. एक ठिणगी पडली आणि रंजकापर्यंत पोचलीच नाही. खट. सुनीलचं हसू गेलं. त्याने पुन्हा आईकडे पाहिलं. प्रयागबाईने काळकाईचं नाव घेतलं. खट.

ढोल थांबले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. भागोजीने वरच्या आळीला खूण केली, त्यांनी आपली बंदूक आणली आणि पहिल्याच चापाला बार काढला. पालखी निघाली.

"मान आता वरच्या आळीचा," भागोजी जाता जाता म्हणाला. घरातला कोण चुकला हे गावकी बघत नसते. चुकलं ते घर. तिच्या सरळ हिशोबात एवढंच धरायचं राहिलं होतं.

सुनील देवळासमोरचं रिकामं झालेलं अंगण बघत उभा राहिला. महादू टोपी चुरगाळत तिच्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते.

"पोराला बोलू नको, वयनी. गार मी आणली. दादाच्या गारा तूच निवडायचीस, ठावं हाय मला. तुला दाखवायची लय मनात व्हती. पन तू हसशील म्हून..."

"हसलेच की मी," ती म्हणाली.

"हसावंच," महादू म्हणाला. "काम तसलंच केलं मी."

सुनील शेजारीच उभा होता. त्याच्यादेखत खरं काय ते सांगायची प्रयागबाईला हिंमत झाली नाही.