ठिणगीचा आळ

मी एक जुना अडॅप्टर आहे. वीज नावाच्या रानटी शक्तीला माणसांत आणून बसवण्याचं काम नियतीने माझ्यावर सोपवलं होतं. मित्रांनो, ते काम मी वाशीम जिल्ह्यात, रिठदहून रिसोडला जाताना लागणाऱ्या एका लहानशा गावाच्या बुद्धविहारात, चपलांच्या रॅकवरच्या फळीवर बसून केलं. नियतीला दुसरी जागा रिकामी सापडली नसावी.

माझा जन्म अकोल्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर दाबून बसवल्या. मग त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली, एक पुष्कळ फेऱ्यांचं आणि दुसरं थोड्या फेऱ्यांचं. ही दोन वेटोळी एकमेकांना कधीच शिवत नाहीत. पहिल्यात वीज शिरली की लोखंडात चुंबकत्व जागं होतं, आणि ते चुंबकत्व दुसऱ्यात वीज जागी करतं. आत दोनशे तीस व्होल्ट येतात, बाहेर बारा जातात. दोघांची गाठभेट न होता काम पार पडतं. सरकारी कचेरीतही असंच चालतं म्हणतात, फक्त तिथे दुसऱ्या बाजूला काही पोचत नाही.

मला गावात आणलं पुंजाजींनी. ते पाटबंधाऱ्यावर चौकीदार होते. विहारासाठी माईक, भोंगा आणि आवाज वाढवणारं छोटं मशीन त्यांनी घेतलं, आणि त्या मशीनला जेऊ घालायला मला घेतलं. पुंजाजी गेले. त्यांच्यामागे त्यांची बायको विमलबाई मला जपू लागली. रोज संध्याकाळी पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसायची आणि कोणी हात लावला तर म्हणायची, "दूर व्हा. तो बुढ्याच्या हातचा हाय."

मित्रांनो, हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. पुढे ते माझ्या काही कामाला आलं नाही.

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. वाचायची विमलबाई. ती लग्नानंतर अक्षरं शिकलेली, त्यामुळे एकेक शब्द नीट बघून, तांदूळ निवडल्यासारखा वाचायची. पण घशाच्या दुखण्यानंतर तिचा आवाज फार बारीक झाला होता. माईक असला तर शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या रुपाबाईपर्यंत जायचा. माईक नसला तर विमलबाईच्या स्वतःच्या चष्म्यापर्यंत पोचणंही मुश्किल.

आणि माईक नसला तर वाचायला बबनराव होते.

बबनराव हे निवृत्त क्लार्क. त्यांना माईक लागत नसे. त्यांचा आवाज शेजारच्या वस्तीत न मागता जायचा. ते एक ओळ वाचायचे आणि अर्धा तास समजावून सांगायचे. त्या समजावण्यात त्यांची मालेगावला झालेली बदली हमखास यायची. एका वर्षी विमलबाई आजारी होती, तेव्हा वाचन बबनरावांकडे गेलं. तीन महिन्यांत ग्रंथ पुढे सरकला नाही, बदली मात्र पूर्ण झाली. तेव्हापासून गावातल्या बायांना माझी किंमत कळली होती. मी आहे तोवर माईक आहे, माईक आहे तोवर विमलबाई आहे. माझ्या अंगातून बारीक घूं घूं निघायची, तीही लोकांना आवडायची. ध्यानाला बसलं की तिने मन लागतं, असं रुपाबाई सांगायची.

आता वाईट भाग सांगतो.

एका एप्रिलात जयंतीच्या आधी विहाराला रंग दिला. वरून पांढरा, खालून निळा. संघदीप हा लग्न झालेला, कामाचा माणूस, पण हातात ब्रश आला की त्याला थांबणं माहीत नाही. भिंत झाली, दार झालं, मग एकसारखं दिसावं म्हणून त्याने विजेचा बोर्डही निळा केला. ऑइलपेंट फटीत उतरला आणि माझ्या सॉकेटचं बटण चालू स्थितीत गच्च बसलं, शेजारच्या सॉकेटचं बंद स्थितीत. माझं बंद होईना. विमलबाईने कोणाला न सांगता त्यावर लगेच उपाय काढला. वाचन झालं की बटण बंद करण्याऐवजी माझी पिनच ओढायची. हा उपाय त्या दिवसापुरता होता. तो कायमचा झाला, कारण गैरसोय कोणाची होतच नव्हती. माझी व्हायची, पण मला बैठकीत कोणी विचारत नाही.

पिन ओढली की सॉकेटमध्ये निळी ठिणगी उडायची. मित्रांनो, ती का उडते ते ऐका, कारण याच्यावरच माझा खटला उभा आहे. चालू मशीनची पिन ओढता तेव्हा विजेचा प्रवाह वाहत असतो. माझ्यासारख्या वेटोळ्यातली वीज एकदा चालू लागली की तिला एकाएकी थांबता येत नाही, उतारावरून धावत सुटलेल्या गाड्यासारखी. पिन आणि सॉकेटच्या पत्तीत केसाएवढी फट पडते. वीज थांबण्याऐवजी ती फट उडी मारून ओलांडते. मधली हवा तापून पेटते, तीच ठिणगी. फट वाढली की संपली. बटणात हीच उडी आतल्या आत आणि झटक्यात होते. बटण त्यासाठीच घडवलेलं असतं, सॉकेट नसतं. रोजच्या ठिणगीने सॉकेटच्या पत्त्या काळ्या पडल्या, सैल झाल्या, आणि मग पिन आत असतानाही तापू लागल्या.

श्रावणात एका संध्याकाळी विमलबाईने पिन ओढली, तर मोठा जाळ दिसला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. रुपाबाई चपला न घालता घरी गेली, ते तिला ओसरीवर पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. बबनराव म्हणाले, धोका नको, विहारातली लाइटच बंद करू, वाचनाचं मी पाहतो. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाला जाळाची भीती वाटत होती, आणि सगळ्यांना बबनरावांची. त्या सगळ्यांत एकाच बाईला नेमकं माहीत होतं की पिन रोज कोण ओढतं आणि बटण का चालत नाही. मी फळीवरून तिच्याकडे पाहत होतो. आता ती सांगेल, आता सांगेल.

विमलबाई म्हणाली, "बोर्डाले काही झालं नाही. दोष त्या अडॅप्टरचा हाय. म्हतारा झाला तो. दुसरा आणू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तो माझा जीव देऊन पडला होता.

तिने असं का केलं, ते मला समजतं. बोर्डाचं नाव घेतलं असतं तर लाइट गेली असती, माईक गेला असता, आणि तिचं वाचन मालेगावच्या बदलीखाली गाडलं गेलं असतं. अक्षरं उशिरा हाती आलेल्या माणसाला ती पुन्हा सोडवत नाहीत. हे सगळं मला समजतं. पण समजणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं. मला खिडकीत ठेवलं, भंगारवाला जमशेदभाई येईल तेव्हा देण्यासाठी.

नवा अडॅप्टर विमलबाईच्या नातीने, पल्लवीने, वाशीमहून आणला. ती तिथे बँकेत आहे. तो आगपेटीपेक्षा थोडा मोठा होता. मी आधी समजलो की हा त्याचा नुसता डबा आहे. तो तोच होता.

मी त्याचा द्वेष करायचं ठरवलं होतं, पण त्याचं काम पाहून नाइलाज झाला. असं समजा, की गोदामात सोयाबीन वाहून न्यायचं आहे. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलपाट्यांच्या चालीने येते. मी त्याच चालीने चालतो. हेलपाटे थोडे, म्हणून प्रत्येक वेळी आख्खं पोतं उचलावं लागतं, आणि त्याला माझ्यासारखा लोखंडी खांदा लागतो. हा नवा चलाख आहे. तो आधी आलेली वीज सरळ एका दिशेची करून घेतो आणि कपॅसिटर नावाच्या छोट्या टाकीत साठवतो. मग आतला एक बारीकसा स्विच त्या विजेचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो. म्हणजे हा पोतं उचलतच नाही. मूठभर सोयाबीन घेतो, पण लाखभर वेळा पळतो. मुठीला केवढासा खांदा लागणार? म्हणून त्याच्या आतलं वेटोळं चिंचोक्याएवढं. वर जेवढं हवं तेवढंच द्यायचं, याच्यावर नजर ठेवणारी चिपही आत बसलेली. घूं घूं नाही. रुपाबाईचं मन ध्यानात लागेनासं झालं, पण तिला कारण सापडलं नाही.

पल्लवीने त्याला बोर्डात लावलं आणि टक् करून ठिणगी उडाली. हो, त्याचीही. त्याची टाकी रिकामी असते, पिन टेकताच ती एका घोटात भरून घेते, म्हणून लावतानाच ठिणगी. बबनराव पुढे सरकून म्हणाले, "हाही करून राह्यला काय?"

"नवा हाय," विमलबाई म्हणाली. "बुजते."

माझी ठिणगी म्हातारपण, त्याची लाज. मित्रांनो, न्याय हा असा असतो.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती. पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं, माहेरी आलेल्या लेकी, विहार भरून गेलेला. शेवटची दोन पानं उरली होती. तेवढ्यात भोंग्यातून खर्र खर्र आवाज आला आणि विमलबाईचा आवाज मधेच गेला. तिचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. सॉकेट जळत होतं, तेच जुनं, माझ्यावेळचं.

बबनराव उठले. त्यांनी घसा खाकरला. पुढच्या रांगेत एकीने डोळे मिटून घेतले.

विमलबाई बोर्डाशी गेली. सवयीने हात पिनकडे गेला, आणि थांबला.

"काय झालं, विमलबाई?" बबनराव म्हणाले. "नव्यालेही म्हतारपण आलं काय?"

ती पुन्हा खोटं बोलू शकली असती. नव्यावरही ढकलता आलं असतं. ती वळली आणि त्या बारीक आवाजात, माईक नसताना, म्हणाली, "अडॅप्टरचा दोष नोता. बटण रंगात बसलं हाय, मले माईत होतं. पिन मीच ओढत होती, रोज. सांगतलं असतं तं तुमी लाइट बंद केली असती."

शेवटच्या सतरंजीपर्यंत ते गेलं. संघदीप छताकडे पाहू लागला, जणू रंग कोणी दिला ते तिथे लिहिलेलं आहे. मग तोच उठला, आधी मेन स्विच पाडला, चाकूने खरवडून बाजूच्या चांगल्या सॉकेटचं बटण मोकळं केलं, आणि जळक्यावर पट्टी चिकटवली. मेन वर केला. पिन लावली, मग बटण दाबलं. ठिणगी दिसली नाही. भोंगा बोलू लागला.

बबनराव अजून उभेच होते. रुपाबाई मागून म्हणाली, "वाच बाई लवकर. हा उभा हाय अजून."

विमलबाईने दोन पानं वाचली. एकेक शब्द निवडून. कोणी हललं नाही.

मी खिडकीत ताठ बसून होतो. भरल्या विहारात माझं निर्दोषत्व जाहीर झालं होतं. आता मला परत फळीवर नेतील, निदान एखादी बाई वळून पाहील, असं मला वाटलं. मग खीर वाढायला घेतली. खीर चांगली झाली होती म्हणतात.

पुढच्या आठवड्यात जमशेदभाई आला. विमलबाईने मला खिडकीतून काढलं आणि पदराच्या टोकाने पुसलं. भंगारात देताना पुसून देणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. त्या पुसण्याने मला फार दुखलं.

जमशेदभाईने मला हातात तोलून विचारलं, "चालू हाय का हा?"

"चालू हाय. त्याले काहीच झालं नाही."

"मंग देऊन काहून राह्यल्या?"

विमलबाईने पदराची धूळ झटकली. "आता तो नवा हाय ना," ती म्हणाली, आणि आत गेली. दार तिने हळूच लावलं, तेवढं मी ऐकलं.

तेव्हा मित्रांनो, काढताना आधी बटण बंद, मग पिन; लावताना आधी पिन, मग बटण. पिन ओढताना वायर धरू नका, पिनच धरा. सॉकेट काळं पडलं किंवा तापत असलं तर ते बदला, त्याच्याकडे लहान-मोठा कोणताही अडॅप्टर पाठवू नका. बोर्डाला रंग देऊ नका. आणि ठिणगी उडाली की, जो फळीवर मुकाट बसलेला आहे त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातात काय आहे ते पाहा. पुंजाजींच्या हातच्या एका वस्तूची तुमच्याकडे एवढीच मागणी आहे.

अजून एक आहे. जमशेदभाईच्या पोत्यात माझ्या डोक्यावर एक फुटका कुकर बसला आहे. त्याला जरा सरकायला सांगाल का?