साहेबांच्या अहवालाला लगाम

इस्पितळाचे व्यवस्थापक बोलू लागले की खिडकीच्या काचा थरथरत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणत. या भोंग्याला रोज सकाळी दहाला रंगीत आलेखांचा अहवाल लागे. तो बनवणारा प्रोग्राम सर्व्हरची अख्खी डिस्क उपसायचा. नेमके तेव्हाच डॉक्टर रुग्णांचे एक्स-रे उघडायला जायचे आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईनं दुखणं पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

"साहेब, डिस्क एक आणि मागणारे दोन. तुमचा अहवाल आडदांड आहे, एक्स-रेला वाटच देत नाही. कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला मर्यादा घालू शकतो. सेकंदाला इतकंच वाच, बाकीचं दुसऱ्याला. पाच मिनिटांचं काम आहे."

"माझ्या अहवालाला रांगेत उभं करणार? सर्व्हर म्हातारा झालाय. नवी डिस्क आणा!"

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! ताईनं नव्या डिस्कची मागणी लिहून दिली. उंटावरच्या शहाण्याला खालून कितीही ओरडा, ऐकू येतं थोडंच?

नवी डिस्क आली. भोंग्यानं फीत कापली, डिस्कच्या खोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आणि डिस्क वेगवान आहे म्हटल्यावर एका वर्षाऐवजी पाच वर्षांचे आलेख मागितले. चक्र पुन्हा फिरू लागलं.

एका गुरुवारी ताईच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्या तिथंच लहान मुलांच्या डॉक्टर होत्या.

"अगं, चार वर्षांच्या पोरीनं सेफ्टी पिन गिळलीय. एक्स-रे काढून नऊ मिनिटं झाली, अजून दिसत नाही!"

ताईनं अहवाल तिथल्या तिथे बंद पाडला. क्षणात एक्स-रे उघडला, पिन दिसली, तासाभरात दुर्बिणीनं बाहेरही आली. तोवर ताईनं कोणालाही न विचारता अहवालाला मर्यादा घातली होती.

आता तो दुपारी दीडला तयार होई. दोन आठवडे कोणाची तक्रार नाही. ताईनं नोंदी तपासल्या, तर त्या दोन आठवड्यांत साहेबांनी अहवाल एकदाही उघडलेला नव्हता!

महिन्याच्या बैठकीत भोंगा गरजला, "पाहिलंत, एक्स-रे कसे झटपट उघडतात? नव्या डिस्कचा प्रताप!"

"डिस्कचा नाही, साहेब," ताई म्हणाली. "तुमचा अहवाल साडेतीन तास उशिरा येतोय. तुम्हाला कळलं नाही?"

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. भोंगा लालबुंद झाला. "विनापरवानगी बदल? आत्ताच्या आत्ता मर्यादा काढा!"

"काढेल ना ती," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त तसं लेखी द्या. खाली तुमची सही."

भोंग्याचा आवाज बसला. सही काही झाली नाही. संध्याकाळी ताईच्या हाती तेवढी लेखी ताकीद पडली. नाक कापलं तरी भोकं शिल्लक, म्हणत तिनं ती खणात टाकली आणि बॅकअपच्या प्रोग्रामलाही मर्यादा घालायला बसली.