मंगळवारच्या दाढ्या

सलूनमध्ये बापलेक दोघेच कारागीर. गिऱ्हाइकांनी आपल्या सोयीसाठी एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे करून टाकलं होतं. थोरले एक्क्याऐंशीव्या वर्षी झोपेतच गेले. त्यानंतरही लोक दारातून डोकावून विचारत, "धाकटे, मोकळे आहात का?" धाकटे तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते.

सलूनच्या वर दोन खोल्या होत्या, तिथे दोघं राहायचे. धाकट्यांची बायको बारा वर्षांपूर्वी वेगळी झाली होती. मुलगी परगावी नोकरीला होती, रविवारी फोन करायची. बापलेकांचं एकमेकांशी बोलणं म्हणाल तर बेताचंच. "ब्लेडं संपली." "आणतो." "दूध उतू जाईल." "बघतोय." तेवढ्यावर दिवस निघायचा. पण घरात न बोलणारा माणूस असणं वेगळं आणि घरात माणूसच नसणं वेगळं, हे धाकट्यांना आता कळत होतं. खाली गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंड चालायचं. जिना चढून वर आलं की पहिला शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही दूधवाल्याशी.

एक विषय मात्र दोघांमध्ये सव्वीस वर्षं निघालाच नव्हता, तो म्हणजे धाकट्यांची आई. ती तीन महिने मोठ्या रुग्णालयात होती, दुसऱ्या मजल्यावर. थोरले रोज संध्याकाळी तिच्या खाटेशी गुडघे टेकून प्रभूकडे तिला मागायचे. ती गेली. दफनविधी झाला, आणि पुढच्याच मंगळवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, थोरल्यांनी पिशवीत ब्रश, साबण आणि वस्तरा भरला.

"कुठे निघालात?" धाकट्यांनी विचारलं होतं.

"रुग्णालयात. पुरुषांच्या वॉर्डातल्या एकाला शब्द दिलाय, दाढी करून देईन म्हणून."

"पप्पा, तिथेच? आठ दिवस नाही झाले. तुमच्या देवाने तिला वाचवलं नाही आणि तुम्ही परत त्याच जिन्यावरून जाणार?"

थोरल्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "बस चुकेल," आणि गेले. त्यानंतर एकही मंगळवार त्यांनी चुकवला नाही. धाकट्यांनी त्या रुग्णालयात परत पाऊल टाकलं नाही, आणि चर्चमध्येही नाही. थोरल्यांनी कधी "चल" म्हटलं नाही. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

थोरले गेल्यावर पाचव्या आठवड्यात रुग्णालयातून पुरुषांच्या वॉर्डाच्या सिस्टरचा फोन आला.

"त्यांचा एप्रन आणि पाण्याचा मग आमच्या कपाटात आहे. कपाट बदलतायत, तेव्हा घेऊन जाल का? उद्या चालेल?"

"कुणाच्या हाती पाठवता येणार नाही का?"

"कुणाच्या हाती पाठवू हो?" सिस्टर म्हणाल्या.

उद्या मंगळवार होता. दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर डावीकडे बायकांचा वॉर्ड लागला. दाराला आता पिवळा रंग होता, आधी पांढरा होता. धाकटे फरशीकडे बघत तिथून पुढे गेले.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीशी सात म्हातारे ओळीने बसले होते, महिनोन्‌महिने तिथेच असलेले. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी साध्या. प्रत्येकाच्या गळ्याशी टॉवेल. पाच आठवड्यांच्या दाढ्या, तोंडं ओळखू येऊ नयेत अशा वाढलेल्या.

"मी फक्त एप्रन न्यायला आलोय," धाकटे म्हणाले.

सिस्टर ओशाळल्या. "मी सांगितलं त्यांना. पण मंगळवार म्हटल्यावर सकाळपासून टॉवेल लावून बसलेत. थोरल्यांचा मुलगा येणार म्हणजे दाढी होणार, असं धरूनच चाललेत."

"गरम पाणी आहे का?" धाकट्यांनी विचारलं. दुसरं करणार काय?

वस्तरा थोरल्यांचाच होता, मगाशेजारी फडक्यात ब्रश आणि ब्लेडांसकट गुंडाळलेला. माणसागणिक नवं ब्लेड लावायचं. म्हाताऱ्या माणसाची दाढी करणं सोपं नसतं. कातडी सैल, दोन बोटांनी ताणून धरावी लागते. जबड्याखालच्या घड्यांत खुंट लपून बसतात. एकाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, एकाची मान सारखी हलत होती. धाकट्यांचा हात मात्र लहानपणापासूनचा तयार. पहिल्याची दाढी झाली, तुरटी फिरवली, टॉवेल काढला. तो गृहस्थ उठेना. डोळे मिटून, मान थोडी खाली घालून बसून राहिला.

"झाली, काका."

सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "थोरले शेवटी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. ज्याला हवी त्याच्यासाठी. सगळ्यांनाच हवी असते."

धाकट्यांचे कान तापले. "ते मला जमत नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "बरं," एवढंच म्हणाला आणि भिंतीला धरत खाटेकडे गेला. पुढच्या पाचांनीही तसंच केलं. दाढी झाली की जरा थांबायचे, मग आठवण झाल्यासारखे उठायचे. रागावलं कुणीच नाही, आणि धाकट्यांना तेच जड गेलं.

शेवटच्या खुर्चीत गणिताचे सर होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेले, डोळे तीक्ष्ण, उजवा कान पूर्ण गेलेला.

"डाव्या बाजूने बोला," ते म्हणाले. "तुमचे वडील उजवीकडेच उभे राहायचे. किती वेळा सांगितलं, पण उजवा हात डोक्यावर ठेवायचा तर तिथूनच सोयीचं पडतं म्हणे."

"तुम्हीपण प्रार्थना करून घ्यायचात?"

"मी? माझा त्या खात्याशी काही संबंध नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना. म्हणाले, बरं, नुसता हात ठेवू का? ठेवा म्हटलं." सर खिडकीबाहेर बघत राहिले. "इथे दिवसाला दहा जण हात लावतात. सगळे हातमोजे घालून. नाडी बघायची, कूस बदलायची. उगाच, काही काम नसताना हात लावणारा तो एकच माणूस."

धाकट्यांनी ब्रश फेसात बुडवला. मग विचारलं, "काय म्हणायचे ते?"

"मला काय ठाऊक? सांगितलं ना, उजवा कान गेलाय."

घरी येताना एप्रन पिशवीत होता, पण वस्तरा आणि मग धाकटे वॉर्डातच ठेवून आले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी ते गेले, त्याच्याही पुढच्या. दाढ्या व्हायच्या, म्हातारे क्षणभर थांबायचे आणि उठायचे. चौथ्या मंगळवारी त्यांनी एकेकाला विचारलं की पप्पा काय म्हणायचे. नळीवाल्याने सांगितलं, "माझ्या बायकोचं नाव घ्यायचे. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. इथे तिचं नाव दुसरं कुणी घेत नाही." मान हलणारा म्हणाला, "मला झोप लागू दे म्हणायचे. लागायचीही कधी कधी." प्रत्येकाचं वेगळं. पाठ करून म्हणता येईल असं काहीच नव्हतं.

म्हणून एका रविवारी धाकटे चर्चच्या दाराशी जाऊन उभे राहिले. उपासना संपून लोक पांगल्यावर पाळकांना गाठलं आणि पप्पा आजाऱ्यांसाठी काय प्रार्थना करायचे ते विचारलं. पाळक नवे होते, सहा वर्षांपूर्वी आलेले.

"थोरले? शेवटच्या बाकावर बसायचे, भिंतीकडेला," पाळक म्हणाले. "खरं सांगू? मी त्यांना मोठ्याने प्रार्थना करताना कधीच ऐकलं नाही. दोनदा पुढे बोलावलं, हात जोडून नको म्हणाले. कुठे करायचे म्हणालात?"

धाकट्यांनी सांगितलं.

"इथे कुणालाच माहीत नव्हतं हे," पाळक म्हणाले. "कबरीपाशी मी काय बोललो आठवतंय? शांत, सज्जन गृहस्थ. आणखी बोलायला माझ्याकडे काही नव्हतं."

"माझ्याकडेही नव्हतं," धाकटे म्हणाले.

पाळक गेल्यावर ते शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला बसले. रिकाम्या चर्चमध्ये कुणीतरी गीतपुस्तकं गोळा करत होतं. तिथून पुढचं काही नीट दिसत नव्हतं, मधे खांब येत होता. सव्वीस वर्षं पप्पा इथे खांबाकडे बघत एकटे बसायचे, आणि आपण तेव्हा वरच्या खोलीत पेपर वाचत असायचो. शेजारी नुसतं बसायला काय झालं होतं आपल्याला? विश्वास नसता ठेवला, बसलो तरी असतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका गुरुवारी भर दुपारी सिस्टरचा फोन आला. "सरांचं काही खरं नाही. कालपासून शुद्ध नाही. त्यांची भाची उद्या पोहोचेल, पण तोवर... गालांवर खुंट वाढलेत हो. त्यांना चालायचं नाही ते."

अर्धी कटिंग झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत होतं. धाकट्यांनी ती पुरी केली, दाराला कुलूप लावलं आणि बस धरली.

सरांभोवती पडदा ओढलेला होता. धाकट्यांनी गरम पाण्यात टॉवेल भिजवून त्यांच्या गालावर ठेवला, फेस अगदी कमी घेतला आणि श्वासाच्या मधल्या थांब्यात एकेक ओढ घेतली. वीस मिनिटं लागली. तुरटी फिरवून झाल्यावर ते खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, ऐकू येणाऱ्या कानाकडे. हात अवघडला, तरी ठेवला. कपाळ थंड होतं.

"प्रभू," ते म्हणाले आणि थांबले. आवाज स्वतःचाच वाटेना. "मला येत नाही हे. हे गणिताचे सर." मग त्यांनी सरांचं पूर्ण नाव घेतलं, शाळेच्या हजेरीत घेतात तसं. "यांचा तुझ्यावर विश्वास नाही. माझाही आहे की नाही, मी सांगू शकत नाही. पण पप्पांचा होता. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला होता, म्हणून मी ठेवतोय. यांना एकटं वाटू देऊ नकोस. उद्या भाची येतेय, तोवर तरी." ते परत थांबले. "पलीकडच्या वॉर्डात माझी आई होती," ते म्हणाले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने आईचं नाव घेतलं. पुढे काय मागायचं ते सुचलं नाही. "आमेन," म्हणून त्यांनी संपवलं.

सरांचा श्वास तसाच, हळू, चालू होता. कुणी ऐकलं की नाही, धाकट्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी हात लगेच काढला नाही.

सर शुक्रवारी पहाटे गेले. भाची सकाळी पोहोचली. सिस्टरनी नंतर सांगितलं, ती म्हणाली, मामा अगदी शाळेत निघाल्यासारखे दिसतायत.

त्या गुरुवारी परतीच्या बसमध्ये बोलायला कुणी नव्हतं आणि घरीही नव्हतं. धाकट्यांना वाटलं, हे पप्पांना सांगायला हवं. मग वाटलं, पप्पा सव्वीस वर्षं दर मंगळवारी असेच या बसमधून आले असतील, पोटात केवढं काय काय घेऊन, आणि वर येऊन म्हणाले असतील, "ब्लेडं संपली." आपण म्हणालो असू, "आणतो." रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला आजोबांच्या मंगळवारांबद्दल सांगितलं.

पुढच्या मंगळवारी सरांच्या जागी नवा माणूस बसला होता, जाडजूड, कुठलासा फोरमन. दाढी झाल्यावर धाकट्यांनी टॉवेल झटकला आणि विचारलं, "डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू का? माझे वडील करायचे."

"नको," फोरमन म्हणाला. "पाठ खाजवून दिलीत तर बघा."

धाकट्यांनी त्याची पाठ खाजवून दिली. मग हात धुतले, नवं ब्लेड लावलं आणि नळीवाल्याच्या गालाला फेस लावता लावता त्याला विचारलं, "काका, तुमच्या बायकोचं नाव काय?"